नव्या भिंतीची चूल

शाळेच्या भिंतीवर गावाची माहिती रंगवायची म्हणून मास्तर माझ्याकडं आले. केजहून मोटारसायकलवर येतात. म्हणाले, "बाबा, भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या, एवढं सांगा. जुनं माणूस तुम्हीच राहिलात." मी म्हणालो, सांगत न्हाई, लिहून देतो. मी दुसरीपर्यंत शिकलो. पुढची शाळा लांब होती आणि मेंढरं जवळ होती. पण अक्षर येतं. लिहिलेलं कुणी सुधारायचं नाही, ही अट मी आधीच घातली.

भूगोल सोपा आहे. गाव घाटाच्या कडेवर. खाली उतरलं की काळी जमीन, वर मुरूम. काळी जमीन दुसऱ्यांची, मुरूम आमचा. ज्वारी गुडघ्याएवढी होते आणि तिथंच थांबते. सीताफळाला मात्र काही लागत नाही, ते दगडातून येतं. त्याच्या दिवसांत बायका पाट्या घेऊन धारूरच्या बाजाराला जातात. आमच्या कडेवर पाऊस पडला की अर्धं पाणी गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं जातं, अर्धं मांजरेकडं. लई लांब गेल्यावर दोन्ही एक होतात, असं मास्तर म्हणाले. मी तिथवर गेलो नाही. तहसीलला केजला गेलो, आणि जवानीत ऊस तोडायला घाट उतरून गेलो. ऊस असतो तिथला भूगोल सगळा सारखाच.

इतिहासात किल्ल्याचं मी लिहीत नाही, तो धारूरकरांनी लिहावा. आमचा मूळ पुरुष मेंढरं चारत आला आणि पाण्याच्या झिऱ्यापाशी त्यानं काट्यांचं कुंपण घालून वाडगं केलं. मेंढरं बसली तिथं माणसं बसली. निजामाच्या राज्यात वेठीला माणसं न्यायला शिपाई यायचा आणि डोकी मोजायचा. माणसं सीताफळीच्या झाडीत लपायची. मग त्यानं डोकी सोडली. पहाटे कडेवर उभा राहून त्यानं धूर मोजले. माणूस लपतं, धूर लपत नाही. तेव्हापासून आमच्यात चुली मोजतात. हे मला माझ्या आज्यानं सांगितलं. खोटं असेल तर त्याचं.

आता लोकसंख्या. ती चैत्रात कळते. दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरात बसून जातात, गावात म्हातारी माणसं राहतात. पाडव्याच्या सुमाराला टोळ्या माघारी येतात, म्हसोबाची जत्रा भरते आणि बोकड पडतं. मटणाचा वाटा चुलीमागं एक. घर दहा माणसांचं असो की एकट्या बाईचं, वाटा सारखा. चुली पुकारायचं काम आमच्या घराकडं. कागद नाही, नावं नाहीत. गावाच्या वरच्या अंगापासून खुणेनं पुकारायचं. झिऱ्यावरची चूल. दोन दारांची चूल. ज्याची असेल तो पातेलं घेऊन पुढं येतो. नियम एकच. मागल्या जत्रेनंतर ज्या चुलीवर घरच्यांनी भाकर केली, ती पुकारायची. ज्या चुलीवर केली नाही, ती सोडायची. एकदा सोडलेली चूल परत लागलेली मी बघितली नाही.

गॅस आला तेव्हा एका पोरानं सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, आमच्या गॅसला धूर न्हाई. आमचा वाटा कापता का?"

मी म्हणालो, "पीठ मळती का तुझी बायकू?"

"मळती की."

"मंग पातेलं आण, बे."

चिंचेखालची चूल मी सोडली त्याला काही वर्षं झाली. माझ्या चुलतभावाच्या थोरल्या पोराची होती. पोरगं पुण्याला गेलं ते गेलंच. चुलतभावाची बायको पातेलं घेऊन उभी होती, तशीच माघारी गेली. त्यानंतर चुलतभाऊ माझ्या दारात आला नाही. समोर भेटला तर बोलायचा, दारात येत नव्हता. मीही बोलावलं नाही. नियम मी केलेला नव्हता.

माझा पोरगा लग्नानंतर वेगळा निघाला. माझ्याच भिंतीला लागून त्यानं दोन खोल्या बांधल्या. त्याची चूल मीच पहिल्यांदा पुकारली, नव्या भिंतीची चूल म्हणून. मागली जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी तो बायको-लेकरं घेऊन घाट उतरला. साखर कारखान्याकडं ट्रॅक्टर चालवायचं काम मिळालं होतं. लेकरं तिकडच्या शाळेत घातली. ह्या पाडव्याला टोळी आली, तो आला नाही. टोळीतल्या एकानं पिशवी दिली. आईला लुगडं होतं, मला चप्पल. चप्पल मापात होती.

पुकारली नाही तर पोराचं घर गावातून गेलं. पुकारली तर चिंचेखालच्या घराला तोंड कसं दाखवायचं. एवढंच होतं. त्याच्यावर मी लई विचार केला असं नाही. झोप लागत होती.

जत्रेच्या सकाळी बघतो तर पोराच्या पत्र्यावरून धूर निघालेला. आत माझी म्हातारी चुलीपुढं बसली होती.

"काय चाललंय?" मी म्हणालो.

"चहा."

"आपली चूल काय झाली?"

"हाय की. ही बी हाय."

"तू पेटवून काय हुतंय? घरच्यांनी भाकर करावी लागती."

तिनं सांडशीनं पातेलं उतरवलं. "मंग मी कोणाच्या घरची हाय, ते सांगा."

मी चहा प्यायलो आणि देवाकडं गेलो.

वाटे पळसाच्या पानांवर मांडलेले होते. कापणाऱ्यानं मागल्या सालाएवढेच मांडले होते. मी वरच्या अंगापासून सुरुवात केली. पातेली येत होती, जात होती. माझी स्वतःची, जुन्या भिंतीची चूल पुकारली. म्हातारी पुढं आली, वाटा घेतला आणि तिथंच उभी राहिली. पातेल्यात जागा होती.

मी थांबलो.

"दादा, दम लागला का?" चुलतभाऊ म्हणाला. माणसं हसली.

"न्हाई."

"मंग म्हणा की नव्या भिंतीची. सकाळी धूर आमी समद्यांनी बघितलाय."

तो मला टोचत होता का वाट करून देत होता, ते मला आजही सांगता येत नाही. त्याचा चेहरा साधाच होता. मी म्हणालो, "मेंढवाड्याची चूल."

मेंढवाडेवाला लगेच उठला नाही. त्याला वाटलं त्याचा नंबर अजून यायचाय. मी परत पुकारलं तेव्हा आला. म्हातारी घराकडं गेली.

शेवटी एका पानावर वाटा उरला. कापणाऱ्यानं विचारलं, "बाबा, ह्याचं काय करू?"

मी म्हणालो, "समद्यांत टाक."

त्यानं तुकडा तुकडा करून टाकला. चुलतभावाच्या पातेल्यातही एक पडला.

दिवस मावळताना घरी आलो तर आमची चूल गार होती. भिंतीपलीकडून मसाल्याचा वास येत होता. म्हातारी तिकडून म्हणाली, "जेवायचं असंल तर हिकडं या." गेलो. पोराच्या चुलीवर आमचा वाटा शिजला होता. जेवताना पोराचा फोन आला.

"बाबा, जत्रा कशी झाली?"

"झाली."

"आमचा वाटा कुणी खाल्ला?" तो हसत होता.

मी फोन तिच्याकडं दिला. ती म्हणाली, "तुज्याच चुलीवर शिजलंय. तू जेवला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाकर तिथंच केली. रात्रीही तिथंच. पिठाचा डबा नेला, मग पाटा-वरवंटा नेला. वरवंटा मीच उचलून दिला, तिला जड होतो. आता आमच्या चुलीच्या राखेत मांजर झोपतं. मी झोपतो जुन्या घरात आणि जेवतो नव्या. चुलतभाऊ परवा येऊन गेला. दारात उभा राहून दोन्ही पत्र्यांकडं बघितलं आणि तंबाखू मागितली. मी दिली.

म्हातारी ह्या जत्रेला कोणाच्या घरची होती, ते मी सांगितलं नव्हतं. ह्या जत्रेनंतर तिनं एकाच चुलीवर भाकर केली आहे, हे सगळ्या गावाला दिसतं. धूर लपत नाही. नियम मी मोडणार नाही. चैत्रात जुन्या भिंतीची चूल सोडीन आणि नव्या भिंतीची पुकारीन. पातेलं घेऊन ती येईल.

मास्तरांनी भूगोल आणि इतिहास रंगवून घ्यावा. लोकसंख्येत माझी जुन्या भिंतीची चूल आत्तापासूनच धरू नये.