चंदाची ओली साडी

पार्वताबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वारा सुटायच्या आत फवारणी उरकावी लागते, आणि पाणी भरणारी बाई फवारणाऱ्याच्या आधी बांधावर लागते. बाळापूरकडच्या शेतांत मी पंप पाठीवर घ्यायचो, ती पाणी वाहायची. तिची घागर कधी हिंदकळली नाही.

तिचा नवरा भगवंत फवारणीनंच गेला. घरी आला तो घामानं निथळत, कापत. तिनं फवारणीच्या औषधानं भिजल्या सदऱ्यावरच गोधडी टाकली. आमच्याकडे कापणाऱ्याला पांघरूण घालतात. दवाखान्यात नर्सनं विचारलं, "कपडे का नाही काढले? अंग का नाही धुतलं? विष कातडीतून आत जातं." तेव्हापासून तिच्या भाकरीच्या फडक्यात साबणाची वडी असायची.

गेल्या भादव्यात तिची सून चंदा कालवलेल्या औषधाची बादली डोक्यावर घेऊन येत होती. ढेकळात पाय मुडपला. बादली अंगावर उलटली.

"वाळते आता उन्हात, आत्याबाई," चंदा हसली.

थोड्याच वेळात ती खाली बसली. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या.

"ऊन लागलं तिले. पांघरून निजवा," मुकादम डोमाजी म्हणाला.

"पांघरूण तुह्या बापाले घाल! साडी काढा लागते तिची," पार्वताबाई ओरडली.

"चारचौघात सुनेची साडी काढतं काय, बाई? गाव काय म्हणीन?"

"गावाले सांग पाठ फिरवाले. पयले तू फिर!"

आम्ही पाठ फिरवली. मी विहिरीची मोटार सुरू केली. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पार्वताबाईनं चंदाचे कपडे विळ्यानं कापले. पाइपाच्या धारेखाली साबण लावून अंग, केस, कानामागं, नखांत धुतलं. मला पाण्याचा आवाज आणि चंदाचं ओकणं तेवढं ऐकू येत होतं. डोमाजीनं ऑटो बोलावला, सीटवरची चादर चंदाच्या अंगावर घ्यायला मागं न बघता फेकली. औषधाची बाटली पार्वताबाईनं पिशवीत घालून सोबत घेतली.

अकोल्याच्या दवाखान्यात चंदा वाचली. हात मात्र कापतात अजून. कामाला येत नाही.

औषधात भिजलेली ती साडी डोमाजी जाळायला निघाला होता. "धूर कोन खाईन? तू?" म्हणत पार्वताबाईनं ती पुरायला लावली.

त्या हंगामाच्या मजुरीतून छपराला टिनं घ्यायची होती. दवाखान्याचा खर्च जाऊन उरलं त्यात चंदाला नवी साडी आली. निऱ्या रोज पार्वताबाईच घालून देते.