मागच्या रांगेतली सुमन

त्या उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, कमिटीसाठी लिहिलेलं एक पत्र मी दोन दिवस पर्समध्ये घालून हिंडत होते. पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. कॉलेजच्या मुलींसाठी दर गुरुवारी घेत असलेली शास्त्राची, म्हणजे बायबलची, बैठक मी बंद करते आणि यंदापासून पूर्वीसारखा नाताळचा मोठा कार्यक्रम बसवते, एवढंच त्यात होतं. दहा वर्षं मी दरसाल तीन-चार मुली धरून बसले होते. त्या शिकल्या, लग्नं होऊन गावोगाव पांगल्या, आणि त्यातून काय उगवलं ते मला कुठेच दिसत नव्हतं. प्रार्थनेला बसले की तोंडात एकच यायचं, प्रभू, तू दिलेली वर्षं मी वाया घालवली का?

आधी त्या कार्यक्रमाचं सांगते, कारण मला त्याचा भारी तोरा होता. मी नागपुरात मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलींचं काम मंडळीने माझ्याकडे सोपवलं होतं. मी त्यांचा गायनसंघ केला. पांढऱ्या साड्या, निळे काठ, हातात मेणबत्त्या. हॉल खच्चून भरायचा, खिडक्यांशी लोक उभे राहायचे. शेवटी पाळकसाहेब स्टेजवरून माझं नाव घ्यायचे तेव्हा मी नम्रपणे मान खाली घालायचे, पण कान त्यांच्याकडेच असायचे. या मुलींना प्रभूच्या मागे चालता येतं का, हे मी कधी विचारलं नाही. सुरात गाता येतं का, एवढं मात्र कसून तपासायचे.

सुमन त्या तपासणीत नापास झाली होती. बल्लारपूरकडची, होस्टेलवर राहणारी, पहिल्या वर्षाची मुलगी. गाण्याची हौस दांडगी आणि सूर मात्र असा की आमच्या नेहमीच्या गीतात दुसऱ्या ओळीच्या शेवटी, जिथे चाल वर चढायची, तिथे ही हमखास खाली घसरायची. मी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू नुसते ओठ हलव. तिने तसंच केलं.

त्याच वर्षी ऐन नोव्हेंबरात मला कावीळ झाली. कार्यक्रम रद्द झाला. प्रतापनगरच्या माझ्या दोन खोल्यांत मी पिवळीजर्द होऊन पडले. गायनसंघातल्या मुली एकदा पेरू घेऊन येऊन गेल्या, मग आल्या नाहीत. सुमन मात्र दर गुरुवारी यायची. बाई, काही वाचून दाखवू का, असं तिनेच विचारलं. येशू कोळ्यांना हाक मारतो आणि ते जाळी तिथेच टाकून निघतात, तो भाग तिने अडखळत वाचला. मग पुस्तक मिटलं.

"बाई, वाचलं तं खरं मी," ती म्हणाली. "पण आता याचं करायचं काय?"

ज्या भागावर मी तासभर बोलू शकले असते, त्याचं काय करायचं ते मला सांगता येईना. अंगात भाषण करायचं त्राणही नव्हतं. शेवटी मी म्हणाले, माझ्यापुरतं सांगते, तुला नुसते ओठ हलवायला सांगितलं ते चुकलं माझं. ती खळखळून हसली, आवाज खराबच हाये म्हणाली. मग गंभीर होऊन म्हणाली की खोलीतल्या मुलीशी आपला अबोला आहे, तिच्याशी बोलायचं. पुढच्या गुरुवारी मी पहिलं तेच विचारलं. बोलली नव्हती. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्या मुलीलाच सोबत घेऊन आली.

बरी झाल्यावर मी गायनसंघ पुन्हा उभा केला नाही. गुरुवारी मोजक्या मुली, एक भाग, आणि शेवटी सुमनचा तो प्रश्न. उत्तर आधी माझं, मग त्यांचं. पुढच्या वेळी सुरुवातीलाच जाब. कमिटीतले वडीलजन कुरकुरायचे, बाई, तुमच्या काळात हॉल भरायचा. मी हसून टाळायचे, पण ते मनाला लागायचं. सगळ्यात जास्त लागली ती सुमन. दुसऱ्याच वर्षी घरच्यांनी बल्लारपूरलाच तिचं लग्न लावलं, कॉलेज सुटलं, आणि तिचं एक पत्रसुद्धा आलं नाही. जिच्यापासून हे सुरू झालं, तीच माझी सर्वांत मोठी फसगत आहे, असं मी मनाशी धरून बसले होते.

तर ते पत्र पर्समध्ये ठेवून मी मे महिन्यातल्या एका गुरुवारी कोराडीला गेले; कॉलेजला सुट्टी होती, त्यामुळे माझी बैठक नव्हती. वीज केंद्राच्या कॉलनीत माझी भाची राहते, तिचं बाळ बघायला. परतताना दुपारी बसथांब्यावर उभी होते. कोळशाचे ट्रक जात होते, राखेची धूळ डोळ्यांत जात होती. एकाएकी डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा एका क्वार्टरमध्ये चटईवर होते आणि एक अनोळखी बाई माझ्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाय ओढून घेऊ लागले.

"मावशी, पाय मांगं नका घेऊ," ती म्हणाली. "ऊन लागलं तुम्हाले. काहून लाजता?"

तिचं नाव शांता. नवरा वीज केंद्रात कामाला. तिने मला पन्हं पाजलं आणि ऊन उतरेपर्यंत सोडणार नाही म्हणाली. पाचच्या सुमारास शेजारच्या तीन बाया आल्या, प्रत्येकीच्या पिशवीत शास्त्र. आमचं गुरुवारचं बसणं असते, तुम्हीही बसा, असं शांता मला म्हणाली. मी कोण, हे मी सांगितलं नाही. त्या गाऊ लागल्या. गीत तेच, आमच्या गायनसंघाचं होतं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी चाल वर चढायला हवी, तिथे चौघी एका दमात खाली घसरल्या. अगदी सुमनसारख्या.

त्यांनी प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो भाग वाचला. माझ्या पायांना अजून कांद्याचा वास येत होता. शांताने शास्त्र मिटलं.

"वाचलं तं खरं," ती म्हणाली. "आता याचं करायचं काय? आधी मी सांगतो."

ती काय बोलली ते मला नीट ऐकूच आलं नाही. मी कसंबसं विचारलं, हे असं बसायला तुम्हाला कोणी शिकवलं? ती म्हणाली, माहेरी बल्लारपूरला एक सुमनताई आहे, तिने तिथे कितीतरी जणींना शिकवलं. कॉलेज तिचं अर्धंच झालं. "तिच्या कॉलेजच्या बाईले म्हणे उत्तर देता नाही आलं," शांता हसत म्हणाली, "म्हणून आम्ही सारे शिकलो."

ती बाई मीच, हे शब्द जिभेवर आले होते. एकेकाळी स्टेजवरून नाव ऐकायची सवय लागलेली मी, त्या दिवशी गप्प बसले. पण खोटं कशाला लिहू, माझी छाती अभिमानाने भरून आली होती. सुमनचा अभिमान, या चौघींचा अभिमान, आणि माझ्या न आलेल्या उत्तराचासुद्धा. डोळे वाहत होते, ते मी उन्हावर ढकललं.

"तुम्ही काय करसान, मावशी?" शांताने विचारलं.

माझ्या पर्समध्ये एक पत्र आहे, ते मी देणार नाही, असं मी म्हणाले. कसलं पत्र, हे तिने विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी विचारीन, एवढंच म्हणाली.

हे कसं घडलं, त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी एवढंच शिकले की ज्याचं काम आहे तो ते करतो, आणि मला दिसलंच पाहिजे असा हट्ट मी सोडून द्यायचा असतो. त्याने एकदा दाखवलं, ही त्याची कृपा. जन्मभर आभार मानले तरी ते ऋण फिटायचं नाही.

पुढच्या गुरुवारी छत्री घेऊन मी कोराडीची बस धरली. शांताने सुरुवातीलाच विचारलं, मी सांगितलं, पत्र फाडलं. मग सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसले. गीत सुरू झालं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्या चौघी खाली घसरल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही, मोकळ्या गळ्याने.