मामाने काढलेला फॉल्ट

माझ्या मामाला घरी मी बसवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे एका माणसाखेरीज कुणापाशी बोलले नाही. आज लिहितेय.

आई गेल्यावर त्यानेच मला दिघाशीहून भिवंडीत आणलं, शिकवलं. मामा पॉवरलूमच्या कारखान्यात चेकर होता. लूमवरून उतरलेला कापडाचा तागा टेबलावर ओढत जायचा आणि एक तार चुकली तरी त्याचा हात थांबायचा.

माझी पीएचडी डायटमवर. म्हणजे पाण्यातलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ. ते स्वतःभोवती काचेची भिंत बांधतं, बारीक भोकांच्या रांगांची.

ही नक्षी पेशीतली प्रोटीन्स ठरवतात. ती आधी जाळं मांडतात, मग त्यावर सिलिका बसत जाते. त्यातलं एक प्रोटीन बंद केलं तर नक्षी बिघडते का, एवढाच माझा प्रश्न.

ते बंद करायला दीड वर्ष गेलं. मायक्रोस्कोपचे फोटो आले, तर सगळे सारखेच. दीड वर्ष पाण्यात.

सुट्टीत घरी फोटो पसरून बसले होते. मामा जेवून आला, बाजूला उकिडवा बसला.

"हितं रांग सरकलीय. ह्याच्यातपन हितंच."

"मामा, हा तागा नाही."

"पोरी, सरकलीय. नीट बघ."

"काही सरकलं नाहीये. डोळे तपासून घे तुझे."

खूप चिडून बोलले. त्याने फोटो हळूच खाली ठेवला.

आठ दिवसांनी त्याने काम सोडलं.

"डोल्यांचा भरवसा न्हाय आता. फॉल्टी माल गेला तं शेठचं नाव जाईल."

डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाला, वय झालं, त्यात काय बघायचं. मीही सोडून दिलं. आराम कर म्हटलं आणि हॉस्टेलला परत गेले.

नंतर तो तांदूळसुद्धा निवडायला घेत नसे. खडा राहील म्हणायचा.

पुढे गाइडने सगळ्या रांगा कॉम्प्युटरवर मोजायला लावल्या.

सरकल्या होत्या. फक्त प्रोटीन बंद केलेल्या पेशींत. मामाने बोट ठेवलं होतं तिथेच.

तेव्हाच फोन करायला हवा होता. एका मिनिटाचं काम. पण मला पक्कं करायचं होतं. परत पेशींचं कल्चर वाढवू, परत मोजू, मग घरी जाऊन सांगू. शहाणपणा सगळा.

अकरा दिवस थांबले. बाराव्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. हार्ट अटॅक. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला कारखान्याचे शेठ आले. त्यांना सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ऐकून ते म्हणाले,

"मैंने बोला था उसको, तेरी नजर को कुछ नहीं हुआ. तेरे जैसा चेकर दूसरा नहीं मेरे पास. सुना ही नहीं. बोला, भांजी पढ़ी-लिखी है शेठ, देख के ही बोली होगी."

मी बघितलंच नव्हतं, मामा.

श्रद्धांजली कुठल्या तोंडाने लिहू? नमस्कार तेवढा घे.