लितुगेनाचा दगड

तुंग्री लोकांच्या गावात थडग्याच्या दगडावर अक्षरं कोरून घ्यायची, तर ती कारांतसकडूनच. हात हलका, बोलणं कमी. आधी कुंचल्यानं लाल रंगात ओळ लिहायची, मग छिन्नी लावायची. लॅटिन तो रोमी छावणीतल्या पाथरवटांकडून शिकला होता. माणसाच्या नावापुढे त्याच्या लोकांचं नाव येतं; पुरुषाला एक शेवट, बाईला दुसरा, सगळ्या जमातीला तिसरा. शेजारच्या जमातीचंच घ्या: ट्रेव्हर, ट्रेव्हेरा, ट्रेव्हेरी. हे त्याच्या बोटांतच बसलं होतं.

त्याची आई लितुगेना मात्र एबुरोन जमातीची. ती लहान असताना रोमी फौजेनं तिचे लोक कापून काढले, घरं जाळली. दलदलीत मानेपर्यंत बुडून राहिली म्हणून ती वाचली. पुढे त्या जमिनीवर तुंग्री नांदू लागले आणि तीही त्यांच्यातच धरली गेली.

आता तिची नजर गेली होती, घास उतरत नव्हता. जिवंतपणीच आपला दगड करून ठेवायची तिकडे रीत होती.

"झाला का रे माझा दगड?"

"होतोय, आई."

"माझ्या लोकांचं नाव घाल. तुंग्री घातलंस तर मानगुटीवर बसेन."

"आता तरी कुठे उतरली आहेस?"

ती हसली, मग बराच वेळ खोकत राहिली.

कारांतसनं ते नाव लाल रंगात लिहिलं. अडखळत लिहिलं. शिपायांच्या तोंडी ते नेहमी अनेकांचं असायचं, इतके मारले, तितके मारले. एका बाईपुरतं ते कुणी मागितलंच नव्हतं. छिन्नी उचलली, तोच छावणीच्या कचेरीतला कारकून सेनोरिक्स आत आला.

"हे कोण रे?"

"आई."

"असे लोक आता नाहीत, बाबा. हा दगड उभा राहिला तर शिपाई फोडतील. छावणीचं काम जाईल ते वेगळंच. पोरांना काय दगड खायला घालणार आहेस? पूस. मी काही पाहिलं नाही."

कारांतसनं ओलं फडकं घेतलं. तिथे त्यानं 'तुंग्रा' कोरलं.

दगड खाटेशी आणला, तेव्हा आईनं हात पुढे केला.

"कुठाय?"

त्यानं तिचं बोट त्या शब्दावर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. एकेका खाचेवरून ती बोट फिरवत राहिली आणि पुटपुटली, "एबुरोन."

"खोल कोरलंयस. पावसानं जाणार नाही," ती म्हणाली.

"नाही जाणार."

"तुझ्या दगडावरही हेच घाल. माझ्यामागे हे नाव सांगणारा तूच एकटा उरतोस."

"घालेन," कारांतस म्हणाला.