येतो म्हणावं

दुबईत मनखूलला मी मुलाकडे राहायचे, तेव्हा खालच्या मजल्यावर रत्नागिरीचा एक ड्रायव्हर होता. जिना कधी सावकाश उतरला नाही. माझं वाक्य संपायच्या आत "यल्ला, चला मावशी" म्हणायचा. निघताना मात्र दारात थांबून न चुकता "येतो" म्हणायचा.

त्याची कंपनी बंद पडली. महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली नाही, तर गावी परत.

नोव्हेंबरात ऊन उतरलं, तेव्हा मित्राची गाडी मागून त्याने आम्हाला रास अल खैमाच्या डोंगरात फिरायला नेलं. आम्ही बोरीखाली टेकलो. तो मात्र मोबाइल उंच धरून चढत राहिला.

सून म्हणाली, "किती हौस बघा."

"हौस कसली? रेंज शोधतोय," मी म्हटलं. नोकरीचा फोन यायचा होता.

पायाखालचे दगड निसटत होते, तरी माथ्यापर्यंत गेला. खाली आल्यावर उभ्यानेच दोन घास खाल्ले. फोन वाजला नव्हता.

संध्याकाळी आम्हाला दारात सोडून म्हणाला, "जातो, मावशी."

"येतो म्हणावं," मी दटावलं.

त्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "इन्शाल्ला."

हे काही उत्तर नव्हे.