खाली ठेवलेली कॉफी

गाडीची किल्ली त्यांनी मागितली नाही. मला घाम फुटला तो त्यामुळेच. किल्ली काढून घेतली असती, तर आपल्याला अडवून ठेवलंय एवढं तरी कळलं असतं. इथे किल्ली युसुफच्या खिशात, गाडी हाकेच्या अंतरावर, आणि तिच्या मडगार्डवर एक तरुण मांडीवर बंदूक आडवी घेऊन बसलेला. तो आमच्याकडे बघतही नव्हता.

युसुफ आमचा ड्रायव्हर, श्रीवर्धनकडचा. मी पंप फिटर, रत्नागिरीकडचा. आधी बोटीवर इंजिन खात्यात होतो, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कुवेतला एका रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे लागलो. जहरा गावाच्या पश्चिमेला वाळवंटात काम चालू होतं. रस्त्याचा भराव दाबायला पाणी लागतं, आणि त्या भागातलं पाणी होतं एका बदू टोळीच्या विहिरीत. बदू म्हणजे उंट-मेंढ्या घेऊन फिरणारे लोक. कंपनीने त्यांच्याशी सौदा केला. आम्ही विहिरीवर डिझेल इंजिन आणि पंप बसवून द्यायचा, दिवसा आमचे टँकर भरायचे, बाकीचा वेळ पंप टोळीचा.

पंप मीच बसवला. पहिल्यांदा पाणी धो धो आलं तेव्हा म्हाताऱ्यांनी माझी पाठ थोपटली होती. पण थोड्याच दिवसांत पाणी मचूळ झालं, मग खारट. मोठी जनावरं कशीबशी पीत होती. कोकरांना हगवण लागली आणि ती मरायला लागली.

मग एका दुपारी सालेम निरोप घेऊन आला. हा टोळीतलाच, पंपावर राखणदार होता. मजलिस बसतेय, म्हणजे टोळीची बैठक, आणि शेखनी पंपवाल्याला बोलावलंय, एवढंच तो म्हणाला. एरवी माझ्याशी तासभर गप्पा मारणारा माणूस त्या दिवशी चहालाही थांबला नाही.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. इंजिनिअर, इंग्रज, माणूस वाईट नव्हता.

"जा आणि ऐकून घे," ते म्हणाले. "कबूल काही करायचं नाही. पाणी पहिल्यापासून असंच होतं म्हणून सांग."

"साहेब, सोबत पोलीस दिला तर..."

"त्यांच्या आतल्या गोष्टींत सरकार पडत नाही. त्यांचं ते बघून घेतात."

त्यांचं ते बघून घेतात, हेच तर मला नको होतं. वाटेत युसुफने भर घातली. कुठल्याशा कंपनीच्या ड्रायव्हरला बदूंनी महिनोन्महिने ठेवून घेतलं होतं म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण विहिरीपाशी मेलेली कोकरं एका ओळीत मांडून ठेवलेली दिसली आणि माझी पाचावर धारण बसली. ती आम्हालाच दाखवायला मांडली होती.

पोचलो तेव्हा असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज उभी राहत होती. आम्हीही हातपाय-तोंड धुऊन, वजू करून ओळीत उभे राहिलो. माझ्या खांद्याला खांदा लावून जो उभा होता त्याचं नाव मिशारी. शेखचा चुलतभाऊ, टोळीत सगळ्यात मोठा कळप त्याचा, आणि मेलेली बहुतेक कोकरंही त्याचीच. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकायला गेलो की त्याची बाजूला ठेवलेली बंदूक माझ्या कपाळाशेजारी यायची. किती रकात, म्हणजे नमाजाची आवर्तनं, झाल्या तेही मला कळेना. इमामामागे होतो म्हणून निभावलं.

मग काळ्या तंबूत मजलिस बसली. आमच्या गावात जमातीची बैठक बसते, तसंच काहीतरी असेल असं मला वाटलं होतं. आमच्याकडे मशिदीचा कारभार बघणारा मुतवल्ली बोलतो, बाकीचे ओरडतात, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. इथे कोणी आवाजच चढवला नाही. एकेका घराण्याचा वडीलधारा पाळीपाळीने बोलत होता. एक बोलत असला की दुसरा मधे तोंड घालत नव्हता. शेख, दाढी पांढरी झालेला शांत माणूस, मुळीच बोलत नव्हता.

शेजारी बसलेला सालेम हळूच समजावत होता. माझं अरबी बसऱ्याच्या बंदरावरचं, कामापुरतं. तो म्हणाला, शेख हुकूम देऊ शकत नाही. तो सगळ्यांचं ऐकतो आणि शेवटी बोलतो, तेही सगळ्यांचं जमत आलं तरच. इथे हात वर करून मोजणी नाही. एकानेही मान हलवली नाही तर निर्णय होत नाही. दामटून निर्णय केला तर तो माणूस तंबू उपटून घराण्यासकट निघून जातो. टोळी फुटण्याहून मोठी भीती त्यांना दुसरी नव्हती. ही विहीर गेली तर उन्हाळ्यात सगळ्यांनाच दुसऱ्या टोळीच्या विहिरीवर जावं लागणार होतं, आणि तिथे पाणी मागून मिळत नसतं.

त्या दिवशीचं भांडण या विहिरीवरूनच होतं. म्हातारे म्हणत होते, यंत्र आलं आणि पाणी बिघडलं, तर यंत्र बंद करा. मिशारी मानत नव्हता. यंत्र आल्यापासून त्याने कळप वाढवला होता. बादलीने तेवढं पाणी उपसून होणार नव्हतं.

"यंत्रात दोष नाही," तो म्हणाला. "दोष या माणसाच्या हातात आहे. याने विहिरीत काहीतरी सोडलं. याला इथेच ठेवा, पाणी गोड करून देईल तेव्हा जाईल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

खरं कारण मला ठाऊक होतं. वाळवंटात खाली खारं पाणी असतं आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं, कारण ते हलकं असतं. बादलीने हळूहळू काढलं तर वरचंच येतं. पंपाने जोरात ओढलं की खालचं खारं वर चढतं. आमच्या खाडीकाठच्या विहिरींचं मे महिन्यात हेच होतं. फार उपसा झाला की विहीर मचूळ होते, म्हणून आई दुपारनंतर पोहरा सोडू द्यायची नाही. उपाय एकच, विहिरीला विसावा द्यायचा. पण ते बोलणं म्हणजे पंपाने घात केला असं कबूल करणं. कबूल केलं तर इथे मिशारी आणि तिकडे साहेब.

तेवढ्यात कॉफी आली. वाढणाऱ्याने कान नसलेला एवढासा पेला माझ्या हातात दिला. आता आमच्याकडची रीत अशी, की वडीलधाऱ्यांच्या आधी पेला तोंडाला लावायचा नाही. समोर पांढऱ्या दाढीचा शेख बसलेला, त्याच्या हातात अजून कॉफी नव्हती. मी पेला समोर खाली ठेवला आणि अदबीने थांबलो.

तंबूतलं बोलणं एकदम बंद झालं. वाढणारा होता तिथेच उभा राहिला. मडगार्डवरचा तरुण उठून तंबूच्या तोंडाशी आला.

"हे काय केलंस?" सालेम कुजबुजला. "पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला म्हणजे त्याचं मागणं आहे. ते मिळेपर्यंत तो पिणार नाही."

"माझं काही मागणं नाही. मी शेखसाठी थांबलोय."

"ते आता चालणार नाही. काहीच मागितलं नाहीस तर तू सगळ्या मजलिसची थट्टा केलीस. माग काहीतरी."

शेखने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पाहुण्या, तुला काय हवं?"

पलीकडून युसुफ दातांमधून पुटपुटत होता, "इब्राहिमभाय, घरी जायाला माग. दुसरा काय नको, घरी जायाला माग."

मलाही तेच हवं होतं. शब्द ओठांवर होते. पण वाटलं, आज सुटलो तरी पंप चालूच राहणार. विहीर कायमची जाणार आणि या लोकांना वणवण करायला लावणारा म्हणून माझंच नाव राहणार. आवाज कसा फुटला ते आजही सांगता येत नाही.

"पंप बंद करा," मी म्हणालो. "पाऊस पडेपर्यंत. बादलीनेच काढा. आमचे टँकरही नकोत. विहिरीत कोणी काही सोडलेलं नाही. पंपाने खालचं खारं पाणी वर ओढलंय."

शेखने माझ्याकडे बघितलंच नाही, तो मिशारीकडे बघत राहिला. म्हातारेही मिशारीकडेच बघत होते. मिशारी माझ्या पेल्याकडे बघत होता. त्याने नाही म्हटलं असतं, तर टोळीच्या तंबूत पाहुण्याची कॉफी थंड झाली, आणि ती मिशारीमुळे, असं साऱ्या वाळवंटात झालं असतं. मला वाटलं, आता हा उठणार. तो उठलाच. माझ्यासमोर आला, खाली वाकला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पेला त्याच्या हातात होता आणि तो माझ्यापुढे धरलेला होता.

"पी," तो म्हणाला. "तुझं काम झालं."

ती कॉफी कडू होती की कशी, ते कळण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. एका दमात प्यालो. मग शेख बोलला, एकच वाक्य, पंप बंद. तोवर बोलायला दुसरं काही उरलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो.

"टँकर बंद करायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही साहेब. त्यांनी विचारलं काय हवं, मी सांगितलं."

"खारं पाणी वर चढतं हे मला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुला? म्हणून तर गप्प बसायला सांगितलं होतं."

माझी बदली शहराकडच्या फरवानियाच्या गोदामात झाली. नोकरी गेली नाही, म्हणून जीव भांड्यात पडला.

हिवाळ्यात पाऊस झाला. विहीर पुरती गोड झाली नाही, पण कोकरं जगतील इतपत सुधारली. लहान पंप बसवायला टोळीने मलाच बोलावलं आणि साहेबांना पाठवावं लागलं. त्या खेपेला मिशारीनेच कॉफी ओतली आणि पेला हातात येताच मी तोंडाला लावला. सगळे हसले, मिशारी सगळ्यात जास्त.

परतताना मी सालेमला विचारलं, त्या दिवशी मी घरी जायचं मागितलं असतं तर?

सालेमचा चेहरा उतरला. "बरं झालं, नाही मागितलंस ते. पाहुण्याने घरी जाऊ द्या म्हणून पेला ठेवायचा म्हणजे शेखने पाहुण्याला कैद केलं, असं सगळ्यांदेखत म्हणणं. मिशारी काही का बोलेना, शेखच्या तंबूत तुला कोण अडवणार होतं?"

"आणि तो बंदूकवाला?"

"तो तुमची गाडी राखत होता. पोरं टायरची हवा सोडतात."

तेव्हापासून एक नियम पाळतो. परक्या बैठकीत पेला हातात आला की आधी पिऊन टाकायचा, घाबरायचं ते नंतर.