पीएचपीचं तेरावं

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात बग साचतात असं लोकांना वाटतं. साफ चूक! बग आम्ही आज ना उद्या काढतोच. साचतात ते किस्से. चहाला चौघं जमलो की एक नवा पडतो, आणि तो कुणालाच डिलीट करता येत नाही.

ऑफिस परभणीत, पहिल्या मजल्यावर. खाली लग्नाची भांडी भाड्याने देणारं दुकान. आमची मीटिंग रंगात आली की नेमकी खाली पातेली उतरतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय लागलीय. काम म्हणाल तर जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांना बिलं काढायचं सॉफ्टवेअर पुरवायचं. बियाणं, खत, फवारणीचं औषध, सगळं त्यात.

माणसं चार. मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो. बालाजी, ज्याने हे सगळं सॉफ्टवेअर एकट्याने पीएचपी या भाषेत लिहिलं. वैष्णवी, मूळची पेडगावची, पुण्याची नोकरी सोडून नुकतीच आलेली. आणि मी, टेस्टिंगवाला. दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी हेच काम बायको फुकट करते.

*

बालाजीचं पीएचपीवर फार प्रेम. आणि इंटरनेटवर तर दर आठ दिवसाला कुणीतरी छातीठोकपणे लिहितं की पीएचपी संपलं, पीएचपी मेलं.

असाच एक लेख सरांनी मोठ्यानं वाचून दाखवला. बालाजीने मान वर केली नाही. कीबोर्ड बडवत म्हणाला, "मेलं तर तेराव्याला बोलवा म्हनावं. तवर ते बिलं काढायलंय, काढू द्या!"

सरांनी तो लेख गुपचूप बंद केला.

*

वैष्णवीचा पहिला दिवस. बालाजीने विचारलं, "तू कोड कोन्त्या भाषेत लिहितीस?"

"गो."

"गो? म्हंजे जा?"

"हो, तेच. लय फास्ट हाय दादा."

"नावच जा हाय! मग जा की पुण्याला परत!"

आम्ही सगळे हसलो. नवी पोरगी, पहिला दिवस, वाटलं रुसणार. ती शांतपणे म्हणाली, "जाते की. पर तुमचं एक बिल निघंपर्यंत मी पुण्याला जाऊन परत यीन, दादा!"

खाली कुणाचं तरी पातेलं पडलं. मला तर तो मोठा टाळीचा आवाज वाटला.

*

हसणं तिथवर ठीक होतं. पुढच्याच आठवड्यात सरांनी जाहीर केलं, की खरीप सुरू व्हायच्या आत दोनपैकी एकच सिस्टीम ठेवायची. बालाजीची जुनी, नाहीतर वैष्णवी नवी लिहील ती. ज्याची राहील त्याने कोड बघायचा. ज्याची जाईल त्याने सपोर्टचे फोन उचलायचे.

सपोर्टचे फोन काय असतात हे ज्याने उचललेत त्यालाच ठाऊक. "कंप्युटर चालू होईना" म्हणून अर्धा तास डोकं खायचं आणि शेवटी लाईटच गेलेली असते!

वैष्णवी सरळ म्हणाली, "फोन उचलायला मी पुनं सोडलं न्हाई, सर. तसं झालं तर मी परत जाणार." बालाजीने त्या दिवशी चहा तसाच ठेवला. ते सॉफ्टवेअर म्हणजे त्याच्या तरुणपणातली सगळी वर्षं होती. मला विचाराल तर मला दोघंही हवी होती, आणि दोघांपैकी एक जाणार म्हणून मी मनातून बेजार झालो होतो.

*

त्यातच राणीसावरगावच्या दुकानदाराचा फोन आला. "साहेब, खताचं पोतं माझ्यासमोर हाय. पर कंप्युटरवर ते ना हाय, ना न्हाई!"

मी बघितलं तर खरंच! माल शिल्लक आहे असंही दिसेना, संपलाय असंही दिसेना. अख्खा दिवस आम्ही तिघं कोड उपसत बसलो.

संध्याकाळी उलगडा झाला. बालाजीच्या कोडात माल असला तर 'hay' आणि नसला तर 'nhai' लिहिलेलं. जसा बोलतो तसाच टाइप करतो तो! वैष्णवीने मध्ये एक दुरुस्ती केली आणि पुण्याच्या सवयीने लिहिलं 'ahe' आणि 'nahi'. कंप्युटर बिचारा काय करणार? त्याला दोन्ही गावची भाषा कुठून येणार!

वैष्णवी चिडली. "आवं दादा, असं शब्दात कुनी लिहितं का? सगळी दुनिया ट्रू आन् फॉल्स लिहिती!"

"फॉल्स म्हंजे खोटं," बालाजी म्हणाला. "पोतं संपलंय, खोटं न्हाई!"

तिला हसू आवरेना. तेवढ्यात त्याने दुसरा टोला दिला. "तू घरी पेडगावात काय म्हनतीस?"

"...न्हाई."

"मग कोडात काऊन पुनं?"

*

एक दिवस वैष्णवीने फळ्यावर चौकोन काढले. बिलं वेगळी, माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. प्रत्येकाचं स्वतंत्र छोटं सॉफ्टवेअर. एकमेकांना फक्त निरोप पाठवायचे. एक बंद पडलं तरी बाकीची चालू. "मायक्रोसर्व्हिसेस म्हनतात याला, सर. आता सगळे असंच करायलेत."

सर भारावून गेले. मान डोलवत होते. बालाजीने फळ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "कळलं. भावाभावाच्या वाटन्या!"

"तसं न्हाई, दादा—"

"तसंच हाय. एकदा का चुली वेगळ्या झाल्या की निरोपच पाठवायचे ऱ्हातात. आन् निरोप कधी नीट पोचतेत का?"

आता हे बोलताना तो विसरला, की सरांचं आणि त्यांच्या भावाचं त्याच महिन्यात रानाच्या वाटणीवरून बोलणं बंद झालं होतं. सर उठले, स्वतःच्या हाताने फळा पुसला आणि म्हणाले, "एकत्रच ऱ्हाऊ द्या."

*

मग सरांना एआयचा नाद लागला. कुणीतरी सांगितलं, आता कोड लिहावाच लागत नाही, नुसतं बोलायचं! सर केबिनचं दार लावून लॅपटॉपशी बोलू लागले. आम्हाला बाहेर ऐकू यायचं, "जरा लय भारी बटन बनव बरं."

त्याने भारीच बनवलं! बटणाने अख्खा स्क्रीन व्यापला. बिल दिसायला जागाच उरली नाही.

सरांनी हार मानली नाही. चार-सहा दिवसांत ते मशीन सरांचं ऐकून ऐकून त्यांच्यासारखंच उत्तर द्यायला लागलं. सरांनी विचारलं, "रिपोर्ट झाला का?" स्क्रीनवर अक्षरं उमटली, "करायलोय, सर."

सर बाहेर आले ते आनंदाने उड्या मारायचे बाकी होते. "बघा, बघा! परभनीचं झालं हे!"

तासाभराने पुन्हा बाहेर आले. चेहरा पडलेला. "खरंच परभनीचं झालं रे. करायलोय म्हनतंय आन् करत काहीच न्हाई!"

*

आता शेवटचा. हा मी कितीही वेळा सांगितला तरी मला स्वतःलाच गुदगुल्या होतात.

निवाडा कुणी करायचा यावर सरांनी तोडगा काढला. गंगाखेडला आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक कृषी सेवा केंद्रवाले मामा. तोंडाने फटकळ, पण माणूस खरा. दोन्ही सिस्टीम त्यांच्या काउंटरवर मांडायच्या आणि त्यांनी एक निवडायची. त्यांचा शब्द शेवटचा.

आम्ही चौघं एसटीने निघालो. बालाजी एका खिडकीला, वैष्णवी दुसऱ्या. दोघांच्या मांडीवर लॅपटॉप, आणि दोघंही तो लेकरासारखा धरून बसलेली. सबंध रस्ता एक शब्द नाही. एरवी ही दोघं एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून मला ती शांतता फारच जड गेली. परत येताना यातला एक जण खूश असणार आणि एक नसणार, हेच डोक्यात घोळत होतं.

मामांनी खताच्या नमुन्याच्या बरण्या बाजूला सारल्या. दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. चष्मा लावला.

आधी वैष्णवीचा. स्क्रीन देखणा, बिल बिनचूक. मामा म्हणाले, "चांगलं हाय. जरा दम खातंय, पर चांगलं हाय."

मग बालाजीचा. तोच जुना हिरवा स्क्रीन. मामांनी बटण दाबलं. बोट उचलायच्या आत बिल तयार! त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. गल्ल्यावर थाप मारून मामा ओरडले, "ह्येच! बालाजी, ह्येच ठिवा! लय पळायलंय हे!"

सरांनी टाळी वाजवली. "झालं! पीएचपी जिंकलं!"

मी वैष्णवीकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. आता ही जाणार. मग बालाजीकडे बघितलं, तर जिंकलेला माणूस असा नसतो! गडी कान खाजवत जमिनीकडे बघत होता.

"सर," तो म्हणाला, "ते पीएचपी न्हाई."

"मग?"

"गो हाय."

मामांचा चष्मा नाकावर घसरला. माझी ट्यूब पेटली आणि मी आनंदाने ओरडलोच, "आरं, मग वैष्णवीचीच भाषा जिंकली की! वैष्णवी, तू जिंकलीस!"

वैष्णवीने मान वर केली. तोंड लाल झालेलं. आपल्या लॅपटॉपचं झाकण हळूच अर्धं मिटवत ती म्हणाली, "माझं... पीएचपी हाय."

बालाजीने तिच्याकडे बघितलं. तिने बालाजीकडे बघितलं. आणि दोघांनाही एकदमच असं हसू फुटलं की वैष्णवीला बियाण्याच्या पोत्यावर बसावं लागलं.

मामांनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "म्हंजे इतके दिवस तुमी चोरून एकमेकाचीच भाषा शिकायलते व्हय?"

सरांचं मात्र गणित चुकलं होतं. ते कधी या लॅपटॉपकडे बघत, कधी त्या. "थांबा, थांबा. जिंकलं कोन? हारलं कोन? मला नीट सांगा, मग आता सपोर्टचे फोन कोन उचलनार?"

तेवढ्यात सरांच्या खिशात ऑफिसचा मोबाईल वाजायला लागला. वाजत राहिला. सरांनी बालाजीकडे बघितलं, तो तिचं पीएचपी वाचण्यात गुंग. वैष्णवीकडे बघितलं, ती त्याचं गो वाचण्यात गुंग. माझ्याकडे बघितलं, मी बरण्या परत लावायला घेतल्या.

सरांनी घसा साफ केला आणि फोन कानाला लावला.

"हां, सपोर्टमधून बोलायलोय. आधी मला सांगा... लाईट हाय का?"